डच खेड्यात भाड्याचं घर: आधी पत्ता तपासा, मग घर बघा

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन परिसरात नोकरी लागली की जो तो आधी शहरातच घर शोधतो. अर्जांवर अर्ज, नकारांवर नकार झाले की नकाशा जरा लांबून पाहिला जातो आणि एर्सल, ब्लाडल, हापर्ट, स्टेन्सल, विंटलर अशी नावं दिसायला लागतात. ब्राबांट प्रांताच्या दक्षिणेचा हा केम्पन भाग. फेल्डहोव्हनमध्ये चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या एएसएमएल कंपनीचं मुख्यालय आहे आणि तिथून ही गावं सायकलच्या नाहीतर मोटारीच्या टप्प्यात आहेत. त्याच पैशात घर मोठं मिळतं, मागे अंगण मिळतं, मुलांना रस्त्यावर खेळता येतं.

पण खेड्यात घर घेताना लोक फसतात ते भाड्याच्या आकड्यात नाही. पत्त्यावर नोंदणी होत नाही, घर कागदोपत्री राहण्याचं नसतंच, किंवा संध्याकाळी सातनंतर गावात बस येत नाही, अशा गोष्टींमध्ये फसतात. म्हणून इथे सगळं जरा उलट्या क्रमाने सांगतो. स्वयंपाकघर किती छान आहे ते शेवटी बघू.

घराआधी बस

गाव पसंत करण्याआधी बस-रेल्वेच्या वेळा दाखवणारं 9292 हे अ‍ॅप उघडा आणि तीन वेळा टाकून बघा: कामाच्या दिवशी सकाळी साडेसात, रात्री नऊ, आणि रविवारी सकाळी दहा. मोठ्या गावांतून शहराकडे बरी बससेवा असते. लहान वाड्यांमध्ये मात्र बऱ्याचदा फक्त ब्यूर्टबस असते, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेली आठ प्रवाशांची छोटी गाडी. ती चालवणारे बहुतेक निवृत्त आजोबा-आजी असतात, गप्पा छान मारतात, पण संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गाडी सहसा नसते. तिच्या भरवशावर शिफ्टची नोकरी होत नाही.

एर्सल ते फेल्डहोव्हन साधारण दहा किलोमीटर. सायकलसाठी वेगळा रस्ता आहे आणि ई-बाइकवर ते अंतर रोजचं होऊ शकतं. फक्त नोव्हेंबरातला समोरून येणारा वारा आणि पाऊस डोक्यात धरून हिशोब करा. घरात दोघं नोकरी करणारे आणि मोटार एकच असेल, तर दुसऱ्याच्या सोयीचा विचार आधी. नोकरी शोधणारा जोडीदार दिवसभर गावात अडकला, तर मोठ्या घराचं कौतुक फार टिकत नाही.

गाडी चालवायची असेल तर भारतीय परवान्याचं गणित आत्ताच समजून घ्या. पालिकेत नोंदणी झाल्यापासून 185 दिवस तो चालतो. त्यानंतर डच परवाना लागतो. 30 टक्के करसवलत (परदेशातून आलेल्या कुशल कर्मचाऱ्यांसाठीची) मिळालेल्या कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला परीक्षेशिवाय परवाना बदलून मिळतो; बाकीच्यांना लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, आणि ती सोपी नाही.

आणखी एक. विंटलर आइंडहोव्हन विमानतळाच्या अगदी जवळ आहे. तिथलं घर बघायला गेलात तर अंगणात दहा मिनिटं नुसते उभे राहा.

हा पत्ता राहण्याचा आहे का?

नेदरलँड्समध्ये चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला खेमेंटेत, म्हणजे स्थानिक पालिकेत, राहत्या पत्त्यावर नोंद करावी लागते. येऊन पोहोचल्यावर मुदत पाच दिवसांची. या नोंदीतून बीएसएन, म्हणजे नागरिक क्रमांक, मिळतो आणि त्यावर पगार, बँक, आरोग्यविमा, डॉक्टर, शाळा सगळं चालतं. बीएसएन नसेल तर पगारावर 52 टक्क्यांच्या दराने कर कापला जाऊ शकतो. म्हणून घरमालकाला पहिला प्रश्न भाड्याचा नको. "या पत्त्यावर आम्हा सगळ्यांची नोंदणी होईल का?" हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. "नोंदणी नको, त्याऐवजी भाडं शंभराने कमी करतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच आभार माना.

खेड्यात या प्रश्नाला चार खास वळणं आहेत.

पहिलं, सुट्टीच्या बंगल्यांची वसाहत. जंगलालगत एकसारखी लाकडी घरं, प्रवेशाशी फाटक आणि फलक, जाहिरातीत "निसर्गाच्या कुशीत, फर्निचरसह, लगेच उपलब्ध". ही घरं सुट्टीपुरती असतात. बहुतेक ठिकाणी तिथे कायम राहायला मनाई असते आणि पालिका दंड करून बाहेर काढू शकते. घर इतक्या सहज का मिळतंय याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

दुसरं, शेतावरचं घर. गोठ्याला किंवा कोंबड्यांच्या शेडला लागून असलेलं घर कागदोपत्री शेतीव्यवसायाचा भाग असू शकतं. मग तिथे त्या शेतीशी संबंध नसलेल्या माणसाने राहणं नियमात बसत नाही. काही घरांना पालिकेने तशी वेगळी मुभा दिलेली असते. ती आहे का, ते विचारायचं.

तिसरं, मागच्या अंगणातलं छोटं घर. म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी घेता यावी म्हणून अशा बांधकामाला सवलतीची परवानगी मिळते. आजी गेल्या की घर रिकामं होतं आणि कुणाला तरी ते भाड्याने द्यावंसं वाटतं. ती परवानगी काळजी घेण्यापुरतीच होती, भाडेकरूसाठी नाही.

चौथं, रिकाम्या शाळेत किंवा मठात "राखणदार" म्हणून राहणं. पैसे फारच कमी लागतात, पण हा भाडेकरार नव्हे. भाडेकरूचं संरक्षण तिथे मिळत नाही आणि थोड्या दिवसांच्या सूचनेवर निघावं लागतं. एकटा तरुण असेल तर ठीक, कुटुंबाने या वाटेला जाऊ नये.

हे सगळं घरबसल्या तपासता येतं. जमीन-नोंदणी खात्याचं, म्हणजे कडास्टरचं, बाख व्ह्यूअर नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. पिनकोड आणि घरक्रमांक टाका. इमारत कोणत्या साली बांधली, किती चौरस मीटर, आणि वापराचा हेतू काय, ते दिसतं. हेतूपुढे "वोनफुंक्सी" असेल तर ते राहण्याचं घर. "लोझीफुंक्सी" असेल तर पाहुण्यांच्या मुक्कामाची जागा, तिथे थांबा. पत्ता सापडलाच नाही तर बहुधा मागच्या अंगणातलं प्रकरण आहे. तरी शंका राहिली तर पालिकेला फोन करून पत्ता सांगा आणि नोंदणी होईल का ते थेट विचारा. खेड्यातल्या पालिकेचा हा मोठा फायदा: फोन उचलला जातो, आणि इंग्रजीतही नीट उत्तर मिळतं.

त्याच कडास्टरकडून थोडे युरो भरून मालकाचं नावही कळतं. करारावर सही करणारा आणि नोंदीतला मालक एकच आहे ना, किंवा सही करणाऱ्याकडे तसा अधिकार आहे ना, हे पैसे पाठवण्याआधी बघायचं.

घर मिळतं कुठून

संकेतस्थळं सगळ्यांना माहीत असतात: पारारियस, फुंडा, खोल्यांसाठी कामरनेट. सूचना चालू ठेवा आणि तासाभरात उत्तर द्या. पण खेड्यातली निम्मी मजा संकेतस्थळाबाहेर आहे. गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या माकेलारच्या, म्हणजे घरांच्या दलालाच्या, ऑफिसात प्रत्यक्ष जा. सुपरमार्केटच्या दाराशी चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचा, गावाच्या फेसबुक गटात स्वतःची ओळख टाका, कंपनीतल्या डच सहकाऱ्यांना सांगून ठेवा. या भागात कुणाची मावशी, कुणाचा काका असं घर असतंच, आणि ते जाहिरातीत येण्याआधीच दिलं जातं.

सामाजिक घरं वेगळ्या वाटेने मिळतात. ती ना-नफा गृहसंस्थांची असतात आणि आइंडहोव्हन भागात वोनीझी या संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं. त्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे: 2025 साली एकट्यासाठी वर्षाला 49,669 युरो, एकापेक्षा जास्त माणसांच्या घरासाठी 54,847. वाट वर्षानुवर्षं बघावी लागते. मर्यादेत बसत असाल तर आज नाव नोंदवून ठेवा, पण या वर्षीचं घर तिथून मिळेल असं धरू नका.

दलालीबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. घरमालकासाठी काम करणारा माकेलार तुमच्याकडून दलाली घेऊ शकत नाही. "करार शुल्क", "प्रशासकीय खर्च" अशी नावं बदलली तरी नाही. पुण्यात एक महिन्याचं भाडं दलालाला द्यायची सवय असल्यामुळे आपण निमूट भरतो. तुम्ही स्वतः कुणाला घर शोधायला नेमलंत तर त्याची फी द्यावी लागते, तेवढंच.

आणि नेहमीचा ठकसेन: "मी सध्या परदेशात आहे, पैसे भरा, किल्ली कुरियरने येईल." खेड्यांचे फोटो चोरून असल्या जाहिराती टाकल्या जातात. घर स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने आतून बघितल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. भारतात बसून शोधत असाल तर आधी महिन्या-दोन महिन्यांसाठी नोंदणी होणारी तात्पुरती जागा घ्या आणि खेड्यातलं घर इथे येऊन बघा.

कागद आणि ओळखपत्र

माकेलार साधारण हे मागतो: पासपोर्ट किंवा निवासपरवाना, नोकरीचा करार, कंपनीचं पत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या, आणि असेल तर आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र. कर कापण्याआधीचा महिन्याचा पगार भाड्याच्या किमान तिप्पट हवा, कुठे कुठे चौपट. नव्याने आलेल्याकडे पगारपावत्या नसतात. तिथे कंपनीचं पत्र आणि करार चालतो, पण हे आधीच सांगून टाका. ओळखपत्राची प्रत देताना बीएसएन आणि फोटो झाका आणि वर "फक्त अमुक घराच्या अर्जासाठी" असं लिहा. त्यासाठी सरकारचंच कोपी-आयडी नावाचं अ‍ॅप आहे.

सोबत चार ओळींची ओळख जोडा. खेड्यातला मालक बऱ्याचदा हौशी असतो, त्याचं हे एकच घर असतं, आणि शेजारी त्याचे ओळखीचे असतात. त्याला माणूस कळायला हवा. उदाहरणार्थ: "आम्ही दोघं आणि आमची सहा वर्षांची मुलगी. मी फेल्डहोव्हनला इंजिनिअर आहे, नोकरी कायम आहे. आम्ही धूम्रपान करत नाही, प्राणी पाळलेले नाहीत. किमान तीन वर्षं राहायचा विचार आहे. मुलगी गावच्या शाळेत जाईल. बागेची निगा आम्ही राखू." यातलं शेवटचं वाक्य उगाच नाही. बागेकडे बघून इथे माणसाची परीक्षा होते.

घर बघताना

दिलेल्या वेळेला दारात. पाच मिनिटं आधी नाही, नंतर तर नाहीच. पंधरा-वीस मिनिटं मिळतात, त्यात काय बघायचं ते ठरवून जा.

जाहिरातीत तीन प्रकार असतात. खेम्यूबिलेर्ड म्हणजे फर्निचरसह. खेस्टोफेर्ड म्हणजे जमिनीवर लाकडी पट्ट्या किंवा गालिचा, खिडक्यांना पडदे, स्वयंपाकघरात बहुधा उपकरणं. आणि काल, म्हणजे उघडंबोडकं. हा तिसरा प्रकार आपल्याला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. पायाखाली राखाडी सिमेंट, त्यावर जुन्या गोंदाचे डाग. छतातून दोन तारा लोंबतात, बल्बचा होल्डरही नाही. खिडकीवर पडद्याच्या नळीची भोकं तेवढी. जुना भाडेकरू जाताना जमीन, म्हणजे वरच्या लाकडी पट्ट्या किंवा गालिचा, उचलून नेतो, कारण ती त्याची असते. तीन खोल्यांच्या घराला जमीन, पडदे, दिवे करायला काही हजार युरो सहज जातात, तेव्हा स्वस्त भाड्याचा हिशोब त्यासकट मांडा. जुन्या भाडेकरूकडून जमीन आणि पडदे विकत घेता येतात, मात्र ही खरेदी ऐच्छिक असते. किंमत फुगवली असेल तर नाही म्हणा.

मग ऊर्जेचं लेबल, म्हणजे घर किती ऊर्जा वाचवतं त्याची श्रेणी. ए चांगली, जी सगळ्यात वाईट. खेड्यातली जुनी, सुटी उभी घरं दिसायला फार सुंदर असतात आणि हिवाळ्यात उष्णता चाळणीसारखी सोडतात. एकेरी काचेच्या खिडक्या, छताला इन्सुलेशन नाही, खाली फरशी गार. अशा घरात गॅसचं बिल भाड्याच्या फरकाला गिळून टाकतं. मागच्या वर्षीचा गॅसचा वापर किती घनमीटर होता ते विचारा. मालकाला माहीत असतं.

स्वयंपाकघर आपल्या दृष्टीने तपासा. शेगडी इंडक्शन असेल तर भारतातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणि लोखंडाचा किंवा बिडाचा नसलेला जुना तवा कामाला येणार नाही. धुराड्याचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत खोलीतच सोडतो, ते विचारा. दुसरा प्रकार असेल तर फोडणीचा वास पडद्यांत मुक्कामाला राहतो, आणि घर सोडताना त्यावरून वाद होऊ शकतो.

बुरशी शोधा. न्हाणीघराचे कोपरे, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागची बाजू, खिडकीच्या चौकटीचा खालचा भाग. नुकताच एकाच भिंतीला पांढरा रंग दिलेला दिसला तर कारण विचारा. खिडकीच्या वरची वायुवीजनाची फट उघडते का ते हाताने बघा. प्रत्येक मजल्यावर धुराचा इशारा देणारं यंत्र हवं. 1 जुलै 2022 पासून ते सक्तीचं आहे.

गावाबाहेर, शेतांमधलं घर असेल तर दोन जादा प्रश्न. सांडपाणी कसं जातं? बऱ्याच ठिकाणी पंपाने ढकलायची नळी असते आणि अंगणाच्या कडेला लाल दिव्याची पेटी. दिवा लागला की फोन कुणाला करायचा ते विचारून घ्या. दुसरा प्रश्न इंटरनेटचा: फायबर घरापर्यंत आलं आहे का? आणि वसंताच्या सुरुवातीला शेतात शेणखत टाकतात तेव्हा जो वास येतो त्याबद्दल तक्रार करून उपयोग नसतो, हेही कळलेलं बरं.

जिना बघाच. डच जिना म्हणजे जवळजवळ शिडी. गुडघेदुखी असलेले आईबाबा उन्हाळ्यात येणार असतील तर खाली एक झोपायची खोली आणि संडास आहे का, हा प्रश्न पुढे त्रास वाचवतो.

भाडं योग्य आहे का, आणि पैसे किती भरायचे

भाड्याचे दोन भाग असतात. "काले ह्यूर" म्हणजे निव्वळ घराचं भाडं, आणि सर्व्हिसकोस्टन म्हणजे सामायिक सफाई, दिवे, फर्निचर वगैरेचे पैसे. सर्व्हिसकोस्टन प्रत्यक्ष खर्चाइतकेच घ्यायचे असतात आणि मागच्या वर्षाचा हिशोब मालकाने 1 जुलैच्या आत द्यायचा असतो. आलाच नाही तर मागा.

निव्वळ भाड्याला इथे गुणपद्धत आहे. क्षेत्रफळ, ऊर्जा लेबल, स्वयंपाकघर, न्हाणीघर, अंगण, घराची सरकारी किंमत यांना गुण मिळतात, आणि गुणांवरून कमाल भाडं ठरतं. 1 जुलै 2024 च्या कायद्याने ही पद्धत मध्यम भाड्याच्या घरांनाही लागू झाली. 143 गुणांपर्यंतचं घर खालच्या गटात, 144 ते 186 मध्यम गटात, 187 पासून पुढे खुला बाजार, म्हणजे भाड्याला ही मर्यादा नाही. 2025 साली खालच्या गटाचं कमाल भाडं 900.07 युरो आणि मध्यम गटाचं 1,184.82 युरो होतं; आकडे दर वर्षी बदलतात. 1 जानेवारी 2025 पासून नव्या कराराला गुणांचा तक्ता जोडणं मालकावर बंधनकारक आहे. तक्ता नसेल तर मागा, आणि ह्यूरकमिसी या भाडे लवादाच्या संकेतस्थळावर स्वतःही गुण मोजून बघा. अर्धा तास लागतो.

खेड्यात याचा उपयोग शहरापेक्षा जास्त आहे. सरकारी किंमत शहराहून कमी असल्यामुळे आणि जुन्या घराचं लेबल वाईट असल्यामुळे गुण कमी भरतात, आणि मालक मात्र आइंडहोव्हनचे दर ऐकून आकडा सांगतो. गुणांप्रमाणे भाडं जास्त निघालं तर आधी मालकाशी बोला. ऐकलं नाही तर ह्यूरकमिसीकडे जाता येतं. भाडेकरूला 25 युरो शुल्क. अर्ज करार सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांच्या आतच करा, म्हणजे मुदतीचा प्रश्न उरत नाही. तक्रार केली म्हणून मालक घराबाहेर काढू शकत नाही.

अनामत रक्कम जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या निव्वळ भाड्याइतकी, असं 1 जुलै 2023 पासून कायद्यात आहे. त्यावर पहिल्या महिन्याचं भाडं. म्हणजे हजार युरोच्या घराला तीन हजार हाताशी हवेत, आणि "काल" घर असेल तर वर जमिनीचे. रोख देऊ नका. बँकेतून पाठवा, विवरणात "अनामत" आणि पत्ता लिहा.

करारात काय वाचायचं

11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर वाढलेल्या आपल्याला इथला करार उलटा वाटतो. 1 जुलै 2024 पासून नियम असा की करार बेमुदत. मुदतीचा करार मोजक्या अपवादांतच चालतो. मालकाला घर परत हवं असेल तर कायद्यात दिलेलं कारण लागतं, आणि तुम्ही मान्य केलं नाहीत तर न्यायालयात जावं लागतं. घर विकलं तरी करार नव्या मालकासोबत चालू राहतो.

खेड्यात दोन अपवाद वारंवार भेटतात. एक, मालक स्वतः परदेशी चाललाय आणि परत येऊन त्याच घरात राहणार आहे. तसं कलम करारात स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. दुसरा, घर विक्रीला किंवा पाडायला काढलंय आणि तोवर रिकामं ठेवायचं नाही; यासाठी पालिकेचा परवाना लागतो आणि तो करारात नमूद करावा लागतो. असा करार किमान सहा महिन्यांचा, आणि मालकाची सूचना किमान तीन महिन्यांची. परवान्याचा उल्लेख नसेल तर विचारा.

बेमुदत करारात बहुधा "पहिले 12 महिने कुणीही सोडायचं नाही" असं कलम असतं. सही केली की ते तुमच्यावरही बंधन. नोकरी गेली किंवा कंपनीने दुसरीकडे पाठवलं तर काय? सहीआधीच मागा: नोकरी संपल्याचं पत्र दाखवल्यास एक महिन्याच्या सूचनेवर निघता येईल. माकेलारना ही मागणी ओळखीची आहे. त्यानंतर महिन्याचं भाडं असलं तर भाडेकरूची सूचना एक महिना.

जोडीदाराचं नावही करारात घाला. भाडेवाढीचं कलम वाचा: वर्षातून एकदाच, आणि कायद्याच्या मर्यादेत. करार डच भाषेत असतो. भाषांतराच्या अ‍ॅपने अर्थ कळतो, पण एखादं कलम खटकलं तर युरिडिश लोकेट या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कायदा-मदत केंद्राला फोन करा, प्राथमिक माहिती मोफत मिळते.

किल्ली मिळते त्या दिवशी

दिवसाउजेडी जा. मालक किंवा माकेलार छापील तपासणी अहवाल घेऊन येतो. त्यावर सही करायची घाई करू नका. भिंतीवरचा ओरखडा, नळाजवळ उडालेला मुलामा, कुंपणाची मोडकी फळी, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढून त्याच संध्याकाळी दोघांनाही ईमेल करा. अंगणाचे फोटो विसरू नका. सोडताना "बाग अशी नव्हती" हा वाद इथे हमखास होतो. गॅस, वीज, पाण्याचे मीटर: क्रमांक आणि आकडा दोन्ही दिसतील असे फोटो.

वीज-गॅसची कंपनी तुम्ही निवडायची. पाणी निवडायचं नसतं, इथे ब्राबांट वॉटर. पालिका भाडेकरूकडून कचऱ्याचा कर घेते आणि जलमंडळ, या भागात डे डोमल, वेगळं बिल पाठवतं. हे बिल काही महिन्यांनी एकदम येतं आणि नवा माणूस दचकतो. घरमालकीचा कर मात्र मालकाचा.

दुरुस्तीची विभागणी अशी: बल्ब, रेडिएटरमधली हवा काढणं, बॉयलरमध्ये पाणी भरणं, पन्हाळी साफ करणं, कुंपण कापणं तुमचं. बॉयलर बिघडला, छत गळलं, चौकट कुजली तर मालकाचं. बॉयलरचा दाब सहसा दीड ते दोन बार ठेवतात. किल्ली घेतानाच पाणी कसं भरायचं ते करून दाखवायला सांगा, म्हणजे पहिल्या थंडीत रविवारी रात्री व्हिडिओ शोधत बसावं लागत नाही.

नोंदणी आणि पहिले महिने

परदेशातून पहिल्यांदा येताना खेमेंटेची वेळ आधीच घ्या. खेड्यातल्या पालिकेचा काउंटर रोज पूर्णवेळ उघडा नसतो. कंपनीमार्फत आलात तर आइंडहोव्हनच्या हॉलंड एक्स्पॅट सेंटर साउथमध्ये हे काम होऊ शकतं. देशातल्या देशात घर बदललं तर पत्ता बदल हलण्याच्या चार आठवडे आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत कळवायचा.

जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र भारतातून अपोस्टिल करून आणा. महापालिकेचे दाखले बहुधा मराठी-इंग्रजी असतात, अडत नाही. गावाकडचा जुना, नुसता मराठी दाखला असेल तर नव्याने द्विभाषिक काढा किंवा अधिकृत भाषांतर जोडा. नाव आणि आडनावाचा क्रम, वडिलांचं नाव मधे आहे की नाही, हे पासपोर्टशी जुळवून बघा. इथल्या नोंदीत एकदा चुकीचं नाव चढलं की ते विमा, बँक, सगळीकडे फिरत राहतं.

आरोग्यविमा चार महिन्यांच्या आत. फॅमिली डॉक्टरकडे मात्र आजारी पडण्याआधी नाव घाला. गावात एकच दवाखाना असतो आणि तो नवे रुग्ण घेत नसेल तर शेजारच्या गावात विचारावं लागतं. काही गावांत डॉक्टरच औषधं देतात, वेगळं औषधाचं दुकान नसतं. मुलाला डच येत नसेल तर गावच्या शाळेत नाव घालण्याआधी विचारा की भाषेचा पहिला वर्ग तिथे आहे की मोठ्या गावात जावं लागतं. शाळा चौथ्या वर्षी सुरू होते, पाचव्यापासून सक्तीची.

शेजाऱ्यांकडे पहिल्याच आठवड्यात स्वतः जा. डावीकडचं, उजवीकडचं आणि समोरचं घर. नवा माणूस आधी बेल वाजवतो, अशी पद्धत आहे. आपण वाट बघत बसलो तर तेही बसतात. डब्यात चिवडा किंवा करंज्या नेल्या तर विषय आपोआप निघतो, फक्त तिखट बेताचं. कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी, बॅटऱ्या कुठे टाकायच्या, रविवारी गवत कापलेलं कुणाला खटकतं, गल्लीची वर्गणी आणि व्हॉट्सअ‍ॅप गट आहे का, हे तिथेच कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हलच्या दिवसांत अर्धं गाव बंद असतं, तेव्हा प्लंबर बोलावू नका.

सोडताना

सूचना लेखी द्या. नोंदणीकृत पत्र सगळ्यात भक्कम. ईमेल पाठवलात तर पोच मागून घ्या. शेवटच्या आठवड्याआधी मालकाला घर दाखवून काय दुरुस्त करायचं ते लिहून घ्या, म्हणजे किल्ली देताना नवी यादी निघत नाही. नेहमीच्या वापराने झालेली झीज तुमच्या खात्यात धरता येत नाही. अनामत 14 दिवसांत परत यायला हवी. काही कापायचं असेल तर 30 दिवस, आणि खर्चाचा तपशील लेखी.

भारतात परतत असाल तर खेमेंटेत नाव काढून घ्या, नाहीतर कचऱ्याचा कर आणि विम्याचे हप्ते चालूच राहतात. बँक खातं मात्र लगेच बंद करू नका. अनामत, विजेचा शेवटचा हिशोब, जादा भरलेला पालिकेचा कर आणि सर्व्हिसकोस्टनचा हिशोब, हे सगळं येईपर्यंत पुढचं वर्ष उजाडतं.